बाबासाहेब आणि विजेचा प्रवाह

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या समाजात घराघरांत मुखोद्गत आहे. महाड, पुणे करार, राज्यघटना, दीक्षाभूमी हे टप्पे लहान मुलेही क्रमाने सांगतात. मात्र १९४२ ते १९४६ या काळातील मजूरमंत्री बाबासाहेब जयंतीच्या भाषणांतून बहुधा निसटतात. त्यांच्या खात्यात वीजही होती, हे तर क्वचितच सांगितले जाते. बेडसे परिसरातील मुलांना तरी ते ठाऊक असावे, कारण मुंबईची गिरणगावे ज्या विजेवर चालली ती आपल्याच डोंगरांतील पाण्यातून निर्माण झाली.

लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे अडवलेले पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस उतरते. १९१५ पासून तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. मुलांना विद्युतधारा समजावून सांगताना मी हाच नळ फळ्यावर काढतो. माथा आणि पायथा यांच्या उंचीतील फरक म्हणजे विभवांतर. ते व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला नळातून किती पाणी वाहते, ती धारा. तिचे माप अँपिअर. नळ अरुंद असेल तर जी अडवणूक होते, तो रोध. उंचीतील फरक नाहीसा झाला की पाणी थांबते. विभवांतर नाहीसे झाले की धारा थांबते. बटण दाबताच दूरचा दिवा कसा लागतो, असे मुले हमखास विचारतात. तारेतील इलेक्ट्रॉन फार सावकाश सरकतात, सेकंदाला मिलिमीटरभरही नाही. (घरातील प्रत्यावर्ती धारेत तर ते जागच्या जागी मागेपुढे होतात.) पण तार त्यांनी आधीच भरलेली असते. भरलेल्या नळात एका टोकाला पाणी रेटले की दुसऱ्या टोकाला ते लगेच बाहेर पडते, तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. तारेच्या रोधामुळे काही वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि धारा दुप्पट झाली की ही हानी चौपट होते. म्हणून दूर पाठवायची वीज फार मोठ्या विभवांतरावर, कमी धारेने पाठवतात. त्यासाठी उंच मनोरे, लांब तारा, रोहित्रे आणि अफाट भांडवल लागते. ते भांडवल कोणाचे आणि वीज कोणासाठी, हा प्रश्न मग विज्ञानाच्या तासापुरता राहत नाही. मावळातील पाण्याने गिरण्या फिरल्या. मावळातील वाड्यांत मात्र पुढे कित्येक वर्षे चिमणीच जळत राहिली. मुळशीच्या धरणाविरुद्ध तर शेतकऱ्यांना १९२१ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव परळच्या चाळीतील एका खोलीत वाढले. वडील रामजी सुभेदार त्यांना पहाटे दोनला उठवीत आणि रॉकेलच्या दिव्यापुढे त्यांचा अभ्यास चाले. कोलंबिया विद्यापीठातून परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान धारण-क्षेत्रांवर निबंध लिहिला. शेतजमिनीचे तुकडे एकत्र केल्याने दारिद्र्य हटणार नाही; शेतीवर साठलेले जादा मनुष्यबळ उद्योगांत गेले पाहिजे, हा त्याचा गाभा. माझ्या मते त्यांचे पुढचे विजेचे धोरण येथूनच उगवते.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकामे व विद्युत समितीचे ते अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये या समितीपुढे त्यांनी थेट प्रश्न ठेवले: वीज खाजगी मालकीची असावी की राज्याच्या, आणि ती मुबलक व स्वस्त कशी मिळेल? उद्योगीकरणाशिवाय भारतीय माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही आणि स्वस्त विजेशिवाय उद्योगीकरण होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले.

त्याच सुमारास दामोदरचा प्रश्न पुढे आला होता. १९४३ च्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडाला होता. नुसते बांध घालून भागणार नाही. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार झाला पाहिजे, हे बाबासाहेबांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत बंगाल व बिहारच्या प्रतिनिधींपुढे मांडले. डोळ्यांसमोर अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना होता. नदी दोन प्रांतांतून वाहते, तेव्हा प्राधिकरणही प्रांतांच्या हद्दीपलीकडचे हवे, हा त्यातला कळीचा मुद्दा.

दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये अस्तित्वात आले. विद्युत पुरवठा कायदाही त्याच वर्षी झाला आणि त्यातून राज्यांच्या विद्युत मंडळांची वाट मोकळी झाली. राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत राहिली, म्हणून तिच्याबाबत केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येतात. दामोदर योजनेतील पहिले धरण, तिलैया, १९५३ मध्ये सुरू झाले. बाबासाहेबांना मंत्रिमंडळ सोडून तेव्हा जवळजवळ दीड वर्ष झाले होते.