आनंद दिघे कोण होते? एकही निवडणूक न लढवता ठाण्यावर पकड कशी मिळवली?

ना आमदार, ना खासदार, ना नगरसेवक. तरीही १९९०च्या दशकात ठाण्यात उमेदवारी कुणाला मिळणार, याचं उत्तर टेंभी नाक्यावर शोधलं जायचं. आनंद दिघे यांच्याकडे पद एकच होतं, शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख. तेव्हा पालघर वेगळा जिल्हा नव्हता, म्हणजे डहाणूपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सगळा टापू त्यांच्याकडे.

त्यांची खरी ताकद होती 'दरबार'. घरमालकाचा त्रास, नवरा-बायकोचं भांडण, नोकरी, हॉस्पिटलचं बिल अशा तक्रारी घेऊन लोक येत आणि निकाल तिथेच लागे. कोर्टाच्या तारखांना कंटाळलेल्यांना हे सोयीचं वाटलं. पण ज्याच्या विरोधात निकाल गेला, त्याने अपील कुठे करायचं? या प्रश्नाला दरबारात उत्तर नव्हतं.

टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव आणि दहीहंडी त्यांनीच मोठी केली. कल्याणमध्ये ईदच्या दिवशी दुर्गाडी किल्ल्यावरील मंदिरात प्रवेशबंदी असे. त्याविरोधातलं घंटानाद आंदोलनही त्यांचंच.

सर्वात वादग्रस्त वर्ष १९८९. ठाण्याच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेची मतं फुटली, प्रकाश परांजपे हरले. फुटल्याचा संशय असलेले नगरसेवक श्रीधर खोपकर यांची नंतर हत्या झाली. दिघे आरोपी झाले, त्यांना 'टाडा'खाली अटक झाली. पुढे जामीन मिळाला. खटल्याचा निकाल मात्र ते हयात असेपर्यंत लागलाच नाही.

१९९६ मध्ये त्यांनी ठाणे लोकसभेची जागा भाजपकडून शिवसेनेकडे खेचून आणली. राम कापसे तेव्हा तिथले खासदार होते. उमेदवारी परांजपेंना मिळाली आणि ते जिंकलेही.

ऑगस्ट २००१, गणेशोत्सवाचे दिवस. गाडीला अपघात होऊन दिघेंच्या पायाला दुखापत झाली. सिंघानिया हॉस्पिटलमध्ये उपचार सुरू असतानाच २६ ऑगस्टला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय जेमतेम पन्नास. बातमी बाहेर येताच जमावाने हॉस्पिटल पेटवून दिलं. आत इतर रुग्णही होते, त्यांना घाईघाईने दुसरीकडे हलवावं लागलं.

एकनाथ शिंदे त्यांच्याच तालमीतले. २०२२ मध्ये पक्ष फुटला आणि २०२४च्या लोकसभेला ठाण्यात राजन विचारे विरुद्ध नरेश म्हस्के अशी लढत झाली. दोघेही दिघेंना गुरू मानणारे. जिंकले म्हस्के.