गळती शोधणारे नगराध्यक्ष : ओटो फॉन गेरिके

आमच्या इचोड्यावरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. निर्मलकडील घाटात जोर न धरणारी एखादी मोटार रस्त्याकडेच्या गॅरेजात आली म्हणजे जाणता मिस्त्री प्रथम इंजिनावरील बारीक रबरी नळ्या तपासू लागतो. त्या नळ्यांतून खेळतो तो निर्वात, म्हणजे हवा काढून घेतल्याने उत्पन्न झालेली ओढ. हा निर्वात ज्यांनी प्रथम पंपाच्या साह्याने निर्माण केला, त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ओटो फॉन गेरिके यांचा जन्म 1602 मध्ये जर्मनीतील माग्देबुर्ग शहरी झाला. कायदा, गणित व दुर्गरचना यांचे अध्ययन करून ते नगराच्या सेवेत शिरले. 1631 मध्ये शत्रुसैन्याने ते शहर जाळले. सुमारे 20,000 माणसे प्राणांस मुकली. गेरिके यांचेही घरदार गेले. तरीही खचून न जाता राखेतून नगर उभारण्यासाठी ते झटले आणि 1646 मध्ये नगराध्यक्ष झाले.

सृष्टीत रिकामी जागा असूच शकत नाही, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानीत. गेरिके यांनी वादाऐवजी प्रयोगाचा मार्ग धरला. पाण्याने भरलेले लाकडी पिंप त्यांनी पंपाने उपसले, तो लाकडातून आवाज करीत हवा आत शिरली. ते पिंप मोठ्या पिंपातील पाण्यात बुडवून ठेवले, तो आत पाणी झिरपले. तांब्याचा गोल घेतला, तो मोठा आवाज होऊन चेपला. गोलाच्या घडणीत उणीव आहे हे ओळखून त्यांनी अधिक काटेकोर गोल करविला. तेव्हा कोठे यश आले. प्रत्येक अपयशाने दोषाची जागा दाखविली होती.

1657 मध्ये माग्देबुर्ग येथे त्यांनी दोन ताम्र अर्धगोल जुळवून आतील हवा काढली. दोन्ही बाजूंस आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सहजी सुटेनात. बाहेरील हवेच्या दाबाचाच हा प्रभाव! 1672 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1686 मध्ये हॅम्बुर्ग येथे ते निवर्तले.

आज बहुतेक डिझेल मोटारींत निर्वात निर्माण करणारा लहानसा पंप असतो. सोलेनॉइड व्हॉल्व्हमधील तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की चुंबकत्वाने झडप सरकते आणि पंपाची ओढ टर्बोसारख्या भागाकडे जाते. म्हणून मिस्त्री आधी पंपाकडून ओढ येते का, हे पाहतो. मग नळीला चीर आहे का, वेटोळ्यापर्यंत वीज पोहोचते का, आणि शेवटी झडप ओढ धरते की गळू देते, हे तपासतो. हा क्रम सोडून नवा व्हॉल्व्ह बसविला, तर पैसा जातो आणि दोष तसाच राहतो.

विद्यार्थी मित्रहो, गणित चुकले म्हणून वहीचे पान फाडू नका. ते कोणत्या पायरीवर चुकले, हे शोधा. गेरिके यांच्या चरित्रापासून आम्ही हाच बोध घेतला आहे.