चेहरे परत देणारे सर्जन : सर हॅरॉल्ड गिलीज

युद्धात हात किंवा पाय गमावलेल्या सैनिकाकडे लोक आदराने पाहतात. पण ज्याचा चेहराच फाटला, त्याच्यापासून नजर चुकवतात. अशा सैनिकांसाठी आयुष्य वेचणारे सर्जन म्हणजे सर हॅरॉल्ड गिलीज.

१७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये शिकताना ते विद्यापीठाच्या संघातून नौका वल्हवीत. गोल्फही उत्तम खेळत. पुढे लंडनमध्ये ते कान-नाक-घसा तज्ज्ञ झाले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ते फ्रान्सला गेले. तेथील जखमी पाहून परतल्यावर त्यांनी ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांसाठी वेगळा विभाग सुरू केला. १९१६ मध्ये सोमच्या लढाईतून तेथे सुमारे २,००० जखमी आले. जागा अपुरी पडू लागली, म्हणून १९१७ मध्ये सिडकप येथे स्वतंत्र रुग्णालय उघडले. तेथे ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

नाक घडवण्यासाठी गिलीज कपाळाची त्वचा खाली वळवीत. ही रीत मूळची भारतीय. पुण्याजवळ एका देशी वैद्याने अशी शस्त्रक्रिया केल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आला होता. त्यातून ती युरोपला कळली.

त्या काळी प्रतिजैविके नव्हती. उचललेली त्वचा चिघळे, कुजे. ऑक्टोबर १९१७ मध्ये भाजलेल्या एका नौसैनिकावर उपचार करताना गिलीज यांनी त्वचेची पट्टी नळीसारखी गुंडाळून शिवली. एक टोक मूळ जागी जोडलेले राहिल्याने रक्तपुरवठा टिकला आणि आतला भाग झाकल्याने जंतुसंसर्ग टळला. तरीही १९१८ मध्ये भाजलेल्या एका तरुण वैमानिकाचा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. घाई न करता टप्प्याटप्प्याने काम करायचे, हा धडा गिलीज जन्मभर विसरले नाहीत.

जखम बुजली म्हणजे उपचार संपला, असे ते मानत नसत. चेहरा चांगला दिसणे हाही उपचाराचाच भाग होता. आज हेच काम एक पाऊल पुढे गेले आहे. जोडलेल्या त्वचेचा रंग वेगळा दिसतो, व्रण पांढरा राहतो. तो पूर्ण भरल्यावर सुईने त्वचेत जुळता रंग भरतात, ओठांची कड व भुवया रेखतात. याला वैद्यकीय गोंदण म्हणतात. आपल्या आज्यांच्या कपाळावरचे गोंदण आणि हे गोंदण, तत्त्व एकच!

१९३० मध्ये गिलीज यांना 'सर' हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी जखमींची सेवा केली. १० सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी अनेक जण गणवेश चढवतील. रणांगणावरून व्रण घेऊन परतलेला जवान समोर आला, तर नजर न वळवता त्याच्या डोळ्यांत पाहून सॅल्यूट करूया. त्यासाठी सर्जन असावे लागत नाही.