डाग बघून नाव ठेवू नका!

अंगावर पांढरट डाग दिसला, की आपल्याकडे आधी घरात कुजबुज सुरू होते. कोड असेल? की कुष्ठरोग? युसूफ वडगाव असो नाहीतर केज, डॉक्टर गाठायच्या आत शेजाऱ्यांनी निदान करून टाकलेलं असतं. अशाच डागांखाली दडलेला एक वेगळा आजार शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यातल्या एका डॉक्टरनं शोधून काढला. त्यांचं नाव उपेंद्रनाथ ब्रह्मचारी.

जन्म १९ डिसेंबर १८७३, बिहारमधल्या जमालपूरचा. वडील रेल्वेत डॉक्टर. उपेंद्रनाथ आधी गणित आणि रसायनशास्त्र शिकले, मग वैद्यकाकडे वळले. १९०२ मध्ये एम.डी., १९०४ मध्ये पीएच.डी.

तेव्हा बंगाल-आसामात काला आजारानं गावंच्या गावं ओस पडत होती. महिनोन्महिने ताप, फुगलेली प्लीहा, काळवंडलेली कातडी आणि उपचार नसले तर बहुतेकदा मृत्यू. याचा परजीवी पसरवते वाळूमाशी. डासापेक्षाही लहान, केसाळ, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहणारी. ती आपल्याला परकी नाही बरं का! विदर्भातल्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणूही हीच माशी पसरवते.

कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये ब्रह्मचारींना प्रयोगासाठी मिळाली एक छोटीशी खोली. ना गॅस, ना नळ, ना वीज. रात्री रॉकेलचा दिवा लावून काम चाले. तिथंच १९२० मध्ये त्यांनी ‘युरिया स्टिबामाइन’ हे औषध बनवलं. त्यानं असंख्य जीव वाचले.

इतकं मोठं यश मिळाल्यावर दुसरा कुणी निवांत झाला असता. पण ब्रह्मचारींचं लक्ष काला आजारातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांकडे गेलं. ताप नाही, तब्येत ठणठणीत, पण अंगावर फिकट डाग आणि गाठी. पाहणाऱ्याला वाटावं, हा कुष्ठरोगच. ब्रह्मचारींनी नुसत्या नजरेवर भरवसा ठेवला नाही. त्वचेतला अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात काला आजाराचाच परजीवी! १९२२ मध्ये त्यांनी हा आजार जगापुढे मांडला. आज त्याला ‘पीकेडीएल’ म्हणतात.

यातली खरी गोम अशी, की रुग्णाला काही त्रास होत नाही, म्हणून तो दवाखान्यात जात नाही. आणि त्याला चावलेली वाळूमाशी पुढच्या माणसाला आजार देऊ शकते.

ब्रह्मचारींचं नाव १९२९ मध्ये नोबेलसाठी सुचवलं गेलं, पण पारितोषिक मिळालं नाही. वाळूमाशीच हा आजार पसरवते, हे १९४२ मध्ये पक्कं सिद्ध झालेलं त्यांनी पाहिलं. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी ते गेले.

मराठवाडा काही काला आजाराचा पट्टा नाही. पण बिहार-झारखंडकडून आपल्याकडे कामाला आलेल्या एखाद्या मजुराच्या अंगावर असे डाग दिसले तर? दोन गोष्टी विचारा. डागाला स्पर्श कळतो का? कुष्ठरोगात तो भाग बऱ्याचदा बधिर असतो, पीकेडीएलमध्ये नसतो. आणि दुसरं, पूर्वी काला आजार झाला होता का? उत्तर काहीही येवो, त्याला अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा. पुढचं त्वचेची तपासणी सांगेल. तोवर डागाला कुणी नाव देऊ नये आणि त्या माणसाला नाव ठेवू नये.