जॉन केली : डाव किती लावावा, याचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

भिलाई : पोलाद कारखान्यामुळे देशभर ओळखले जाणारे छत्तीसगडमधील भिलाई हे शहर २०२३ साली वेगळ्याच कारणाने बातम्यांत आले. महादेव ॲप या नावाने चालणाऱ्या ऑनलाइन सट्ट्याच्या जाळ्याचे प्रमुख प्रवर्तक मूळचे याच शहरातील असल्याचे अंमलबजावणी संचालनालयाने जाहीर केले. या जाळ्यात क्रिकेटच्या सामन्यांबरोबरच पोकर आणि पत्त्यांच्या इतर खेळांवरही पैसे लावले जात, असे संचालनालयाचे म्हणणे आहे. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने या ॲपसह २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद करण्यात आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना भेद या कायद्याने ठेवलेला नाही.

बंदीपूर्वीच्या काळात थोड्या पैशांवर पोकर खेळणाऱ्यांमध्ये एक नियम तोंडपाठ असे. एक आणि दोन रुपयांच्या सक्तीच्या बोलीचे टेबल खालच्या पायरीवरचे मानले जाई. तेथे दोनशे रुपये घेऊन बसावे आणि त्याच्या वीस ते तीस पट, म्हणजे चार ते सहा हजार रुपये, घरखर्चापासून पूर्णपणे वेगळे राखून ठेवावेत. ही रक्कम आटू लागली, की आणखी लहान टेबल गाठावे. या राखीव रकमेला खेळाडू बँकरोल म्हणतात. मराठीत तिला गंगाजळी हा शब्द चपखल बसतो. नियम अनुभवातून घडलेला असला, तरी त्यामागील गणित १९५६ मध्ये एका अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडले होते. त्यांचे नाव जॉन लॅरी केली (कनिष्ठ). गुंतवणूकदार आणि पत्ते खेळणारे या दोन्ही वर्तुळांत त्यांचे नाव आजही घेतले जाते; मात्र त्यांच्या आयुष्याविषयी फारसे कोणाला ठाऊक नसते.

जॉन केली यांचा जन्म २६ डिसेंबर १९२३ रोजी टेक्सास राज्यातील कॉर्सिकाना या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकी नौदलात वैमानिक म्हणून सेवा केली. युद्ध संपल्यावर ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यांचा प्रबंध पदार्थांच्या स्थितिस्थापकत्वावर होता. जुगाराशी त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. पुढे ते न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन त्या वेळी तेथेच होते. टेक्सासच्या हेल काढून बोलणारे, बंदुका जमविण्याचा छंद असलेले, फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावणारे आणि एकामागून एक सिगारेट ओढणारे केली त्या शांत प्रयोगशाळेत उठून दिसत.

त्यांच्या गाजलेल्या लेखाची ठिणगी दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेने टाकली. जून १९५५ मध्ये अमेरिकेत चौसष्ट हजार डॉलरच्या बक्षिसाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि स्पर्धकांच्या यशापयशावर पैजा लागू लागल्या. कार्यक्रम पूर्व किनाऱ्यावर थेट दिसे, पश्चिम किनाऱ्यावर तीन तासांनी. मधल्या वेळेत दूरध्वनीवरून निकाल कळवून घ्यायचा आणि पैज लावायची, अशी युक्ती कोणीतरी लढवीत असल्याची बातमी पसरली. केली यांनी त्यातून एक प्रश्न उचलला. समजा, एखाद्या जुगाऱ्याकडे निकाल आधी कळविणारी खासगी तार आहे; पण तारेवर खरखर आहे आणि काही वेळा निरोप चुकीचा ऐकू येतो. अशा माणसाने प्रत्येक वेळी आपल्याजवळच्या रकमेचा किती भाग लावावा?

सारी रक्कम लावली तर एकाच चुकीच्या निरोपाने तो रस्त्यावर येईल. अगदीच थोडी लावली तर हाती असलेल्या माहितीचा उपयोग होणार नाही. केली यांनी या दोहोंमधील नेमका बिंदू काढून दाखविला. जिंकल्यास लावलेल्या रकमेइतकाच नफा मिळत असेल, तर जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करावी. उरेल तेवढाच भाग लावावा. शंभरात साठ वेळा जिंकण्याची शक्यता असेल, तर साठातून चाळीस गेले, वीस उरले. म्हणून जवळच्या रकमेचा वीस टक्के भाग लावावा, जास्त नाही.

हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. दहा हजार रुपये घेऊन बसलेला खेळाडू दहा डावांपैकी सहा जिंकला आणि चार हरला, असे समजू. हार-जितीचा क्रम कोणताही असला तरी फरक पडत नाही. प्रत्येक वेळी जवळच्या रकमेचा वीस टक्के भाग लावल्यास शेवटी त्याच्याकडे सुमारे १२,२३१ रुपये असतात. चाळीस टक्के लावल्यास ९,७५८ उरतात. साठ टक्के लावल्यास केवळ ४,२९५. डाव तेच आणि सहा वेळा झालेली जीतही तीच. तरी हा खेळाडू निम्म्याहून अधिक पैसे गमावून उठतो. तो वाईट खेळला नाही, त्याने फक्त रक्कम अधिक लावली. उलट, दहा टक्केच लावले असते तर ११,६२३ रुपये झाले असते. आपली बाजू किती भक्कम आहे याचा अंदाज पोकरमध्ये कोणालाच अचूक करता येत नाही आणि बहुतेक जण तो फुगवूनच करतात. त्यामुळे सावध मंडळी केली यांनी सांगितलेल्या भागाच्या निम्माच भाग लावतात. वीस-तीस पट गंगाजळीचा नियम हे याच सावधगिरीचे ढोबळ रूप आहे.

या सूत्राची दुसरी बाजू खेळाडूंच्या मार्गदर्शनपर लिखाणात सहसा झाकलेली राहते. जिंकण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी असेल, तर वजाबाकीचे उत्तर शून्य किंवा त्याखाली येते. म्हणजे काहीही लावू नये. सारख्याच कुवतीचे खेळाडू एका टेबलावर बसले आणि प्रत्येक डावातून चालविणारा काही टक्के कापून घेऊ लागला, की सगळ्यांचेच उत्तर शून्याखाली जाते. भारतात तर १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के प्राप्तिकर कापला जात असे. मोबाइलवर दोनशे रुपये घेऊन बसणाऱ्या नोकरदार तरुणाची गंगाजळी कितीही शिस्तीने राखलेली असली, तरी अशा स्थितीत ती केवळ सावकाश आटते. शिस्तीने बुडण्याचा वेग कमी होतो, दिशा बदलत नाही.

केली यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात मुळात जुगाराचा उल्लेख केला होता. प्रयोगशाळेची मालकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीकडे होती आणि सट्टेबाज कंपनीच्या तारांचा वापर करतात, या आरोपाने वरिष्ठ आधीच त्रस्त होते. शीर्षक बदलले गेले आणि माहितीच्या वेगाचा नवा अन्वयार्थ असे निरुपद्रवी नाव धारण करून लेख जुलै १९५६ मध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात छापून आला. भिलाईत त्या सुमारास सोव्हिएत साहाय्याने कारखाना आकाराला येत होता.

लेखाला खरी प्रसिद्धी दुसऱ्यांनी मिळवून दिली. गणिताचे तरुण अध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात जिंकण्याची पद्धत शोधली होती. शॅनन यांनी त्यांना केली यांचा लेख वाचण्यास सुचविले. १९६१ मध्ये थॉर्प नेवाडातील जुगारगृहांत दहा हजार डॉलरची गंगाजळी घेऊन गेले आणि तिच्या दुपटीहून अधिक घेऊन परतले. त्यांना याहून कितीतरी मोठी रक्कम देऊ करण्यात आली होती. ती त्यांनी नाकारली होती.

या सूत्राला विरोधही झाला. नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये त्याविरुद्ध एक लेख लिहिला आणि शेवटचा शब्द वगळता तो सगळा एकावयवी इंग्रजी शब्दांत रचला. अनुवादकाने त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे. प्रत्येक माणसाची धोका पत्करण्याची तयारी निराळी असते, तेव्हा सर्वांना एकच भाग सांगता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप मात्र गंभीर होता आणि तो पुरता निकालात निघालेला नाही.

केली स्वतः पैजांच्या विषयात फार रमले नाहीत. पुढील काळात त्यांचे लक्ष संगणकाला बोलते करण्याकडे वळले. १९६१ मध्ये कॅरल लॉकबॉम यांच्या साथीने त्यांनी संगणकाकडून एक जुने इंग्रजी प्रेमगीत गाऊन घेतले; त्याला संगणकीय संगीताची साथ मॅक्स मॅथ्यूज यांनी दिली. लेखक आर्थर क्लार्क यांनी प्रयोगशाळेच्या भेटीत ते ऐकले आणि १९६८ च्या अंतराळपटात मरणोन्मुख संगणकाच्या तोंडी तेच गीत आले. दूरध्वनीवर ऐकू येणारा स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी आपोआप पुसून टाकण्याच्या तंत्रावरही केली यांनी काम केले.

१८ मार्च १९६५ रोजी न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन येथे पदपथावरून चालत असताना मेंदूतील रक्तस्रावाने ते कोसळले आणि त्यातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षे होते. त्यांच्यामागे पत्नी आणि मुले होती. ज्या सूत्राच्या आधारे पुढे इतरांनी मोठी संपत्ती उभारली, त्याचा उपयोग करून त्यांनी स्वतः पैसा मिळविल्याची नोंद नाही. प्रतिध्वनी पुसण्याच्या तंत्राचे पेटंट त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९७० मध्ये मंजूर झाले.