काशीतील सापेक्षतेचे गुरुकुल : प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर

वाराणसी : गंगेच्या पात्रातून पाहिले असता भोसले घाटावरील उंच दगडी वास्तू एखाद्या किल्ल्यासारखी भासते. नागपूरकर भोसल्यांनी १७८०च्या सुमारास हा घाट बांधला. तेथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि यमेश्वर व यमादित्य ही देवस्थाने मराठी माणसाच्या काशीशी असलेल्या जुन्या नात्याची आजही साक्ष देतात. हे नाते केवळ तीर्थयात्रेचे नव्हते. सोळाव्या शतकात पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने येथे पिढ्यानपिढ्या शास्त्राध्ययनाची परंपरा चालविली आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. विद्यार्थ्याने गुरूच्या सान्निध्यात राहावे, एक ग्रंथ पुरा करून दुसरा हाती घ्यावा आणि योग्य वेळी स्वतंत्रपणे बोलू लागावे, ही या नगरीतील अध्ययनाची जुनी रीत होती.

या घाटापासून गंगेच्या काठाने दक्षिणेस अस्सीपर्यंत आणि तेथून आणखी पुढे गेले की बनारस हिंदू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात १९३२ साली कोल्हापूरचा एक तरुण गणित विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झाला. त्याचे नाव विष्णू वासुदेव नारळीकर. पुढील अठ्ठावीस वर्षे त्यांनी येथे जी विद्या शिकविली, ती प्राचीन शास्त्रांपैकी नव्हती. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांताची ती विद्या होती. शिकविण्याची रीत मात्र घाटावरच्या जुन्या पाठशाळांपासून फार दूरची नव्हती.

नारळीकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. कोल्हापुरातील शिक्षणानंतर ते मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १९२८ मध्ये बी.एस्सी. होऊन त्यांनी केंब्रिज गाठले. तेथे फिट्झविल्यम हाउसचे विद्यार्थी म्हणून त्यांनी १९३० साली गणिताची ट्रायपॉस परीक्षा विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण केली. खगोलविषयक संशोधनासाठी दिली जाणारी आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि रॅले पारितोषिकही त्यांनी मिळविले. १९१९च्या सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांतून आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला पुष्टी मिळवून देणारे सर आर्थर एडिंग्टन त्या काळी केंब्रिजलाच होते. खगोलशास्त्राच्या नव्या प्रश्नांवर विचार करणाऱ्या तरुणाला याहून अनुकूल वातावरण जगात क्वचितच कोठे लाभले असते.

अशा वेळी मालवीय यांचे निमंत्रण आले. आपल्या विद्यापीठासाठी होतकरू अध्यापक शोधून आणणे हे मालवीय यांचे व्रतच होते. नारळीकर तेव्हा चोविशीच्या उंबरठ्यावर होते. संशोधनाला नुकती सुरुवात झालेली असताना केंब्रिज सोडणे म्हणजे नामवंतांचा सहवास, नियमित चर्चा आणि ताजी नियतकालिके या साऱ्यांना मुकणे होते. बनारसमध्ये सापेक्षतेवर बोलण्यासाठी बरोबरीचा सहकारी मिळणेही कठीण होते. तरीही त्यांनी निमंत्रण स्वीकारले. ज्या वयात इतर तरुण मार्गदर्शकाच्या शोधात असतात, त्या वयात मार्गदर्शक होण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

त्यांनी निवडलेला विषयही काळाच्या ओघाविरुद्ध जाणारा होता. १९२५ नंतर जगभरातील तरुण भौतिकशास्त्रज्ञ पुंजयामिकीकडे ओढले गेले होते. व्यापक सापेक्षता हा सुंदर, परंतु प्रत्यक्ष निरीक्षणांशी फारसा संबंध न उरलेला विषय आहे, अशी समजूत दृढ होत चालली होती. मात्र साधनांची वानवा असलेल्या देशातील विद्यापीठाला हा विषय एका दृष्टीने सोयीचा होता. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नसे, मोठी दुर्बीण लागत नसे. फळा, खडू, कागद, एक बऱ्यापैकी ग्रंथालय आणि नेमका प्रश्न विचारू शकणारा गुरू एवढ्या सामग्रीवर काम सुरू होऊ शकत होते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ होती आणि ती नारळीकरांच्या रूपाने बनारसला मिळाली.

त्या काळी पदव्युत्तर संशोधनाची वाट धरणाऱ्या तरुणापुढील अडचणी आजच्याहून वेगळ्या होत्या. शिष्यवृत्त्या मोजक्या होत्या. संशोधनपर नियतकालिके समुद्रमार्गे येत आणि महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांचाही भरवसा राहिला नाही. एम.एस्सी. झालेल्या मुलाने नोकरी धरून घरच्यांना हातभार लावावा, ही अपेक्षा असे. याहून मोठी अडचण विद्येतलीच होती. परीक्षेतील प्रश्नाला उत्तर असते, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. संशोधनातील प्रश्नाला उत्तर आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या वर्षी हाती घेतलेला प्रश्न फारच मोठा असला तर विद्यार्थी खचतो आणि फारच क्षुल्लक असला तर त्याची वाढ खुंटते. आवाक्यातला, तरीही मोलाचा प्रश्न नव्या विद्यार्थ्यासमोर ठेवणे हे मार्गदर्शकाचे खरे कसब होय. नारळीकरांच्या ठायी ते कसे होते, याचा प्रत्यय १९४२-४३ मध्ये आला.

भारत छोडो आंदोलनाच्या त्या धामधुमीच्या काळात प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा चोवीस वर्षांचा गुजराती तरुण बनारसला आला. त्याचा जन्म १९१८ मध्ये जुनागढ परिसरातील शहापूर येथे झाला होता आणि शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते. नारळीकरांकडे सापेक्षतेचा अभ्यास करावा, एवढ्याच हेतूने तो आला होता. सोबत पत्नी आणि तान्ही मुलगी होती. गाठीला असलेल्या थोड्याशा बचतीवर संसार चालवायचा होता. बचत संपेल तेव्हा संशोधनही थांबणार होते. दशकभरापूर्वी नारळीकर स्वतः साधारण याच वयात या विद्यापीठात आले होते. कौटुंबिक जबाबदारी घेऊन अनिश्चित वाटेवर निघालेल्या या तरुणाला त्यांनी शिष्य म्हणून स्वीकारले.

सापेक्षतेच्या क्षेत्रात त्या वेळी एक मूलभूत त्रुटी होती. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये ताऱ्याच्या बाहेरील गुरुत्वीय क्षेत्राचे वर्णन करणारी उकल शोधली होती. तीत ताऱ्याभोवतीचे अवकाश पूर्णपणे रिकामे मानलेले होते. प्रत्यक्षातील तारा मात्र प्रकाशतो. त्याच्यातून अखंड प्रारण बाहेर पडते, त्या प्रारणाला ऊर्जा असते आणि आइन्स्टाइन यांच्याच सिद्धांतानुसार ऊर्जाही गुरुत्वाकर्षण निर्माण करते. शिवाय ऊर्जा गमावणाऱ्या ताऱ्याचे वस्तुमान हळूहळू घटत जाते. मग तळपणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वीय क्षेत्राचे गणित कसे मांडायचे? प्रश्न शाळकरी मुलालाही समजावा इतका साधा होता, पण त्याचे नेमके उत्तर उपलब्ध नव्हते.

नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली वैद्य यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि अवघ्या काही महिन्यांत तो सोडविला. त्यांचा लेख १९४३ मध्ये बंगळूरच्या करंट सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर लेखक म्हणून एकट्या वैद्य यांचे नाव होते. विभागप्रमुखाच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामावर त्याचेही नाव असणे आजच्या विद्यापीठीय जगात स्वाभाविक मानले जाते. त्या दृष्टीने पाहता, पहिलीच मोठी उकल नवख्या शिष्याच्या एकट्याच्या नावावर राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे वैद्य यांना बनारस सोडावे लागले. १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. १९५३ मध्ये त्यांच्या उकलीचे अधिक सुटसुटीत रूप नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तरीही जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नव्हते. १९६३ मध्ये क्वासार या अतितेजस्वी खगोलीय वस्तूंची ओळख पटली आणि प्रचंड ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या वस्तूंच्या गुरुत्वीय क्षेत्राचा प्रश्न एकाएकी ऐरणीवर आला. वीस वर्षांपूर्वी बनारसमध्ये केलेल्या गणिताची उपयुक्तता तेव्हा सर्वांना उमगली. आज ही उकल वैद्य मेट्रिक या नावाने ओळखली जाते. ताऱ्यांचे गुरुत्वीय अवपतन आणि कृष्णविवरांतून होणारे प्रारण यांच्या अभ्यासात तिचा वापर होतो.

वैद्य हे या परंपरेतील एकमेव नाव नव्हे. नारळीकरांचे दुसरे विद्यार्थी के. आर. करमरकर यांनी १९४८ मध्ये एक गणिती अट मांडली. गोलीय सममिती असलेले चार मितींचे वक्र अवकाशकाल पाच मितींच्या सपाट अवकाशात केव्हा बसविता येते, हे ती अट सांगते. ताऱ्यांच्या अंतर्रचनेची प्रारूपे तयार करणारे आजचे संशोधकही करमरकर अट या नावाने तिचा आधार घेतात. अवकाशकालाच्या वक्रतेचे वर्णन करणाऱ्या चौदा अविकारी राशींवर गुरुशिष्यांनी मिळून केलेले कामही सापेक्षतेच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

विद्यापीठाच्या परिसरातील नारळीकरांच्या निवासस्थानीही अध्ययनाचे वातावरण होते. त्यांच्या पत्नी सुमती या संस्कृतच्या व्यासंगी होत्या. त्यांचे बंधू वसंत हुजूरबाजार पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. मुलांना मनसोक्त लिहिता यावे म्हणून घराच्या भिंतींवर दोन फळे लावलेले होते. त्या घरी राहणारे मामा मोरेश्वर हुजूरबाजार यांपैकी एका फळ्यावर अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत तेथेच राहू देत. हे आव्हान स्वीकारणारा मुलगा म्हणजे जयंत नारळीकर. १९५७ मध्ये याच विद्यापीठातून पदवी घेऊन जयंत केंब्रिजला गेले आणि वडिलांच्याच फिट्झविल्यम हाउसचे विद्यार्थी झाले. पुत्राच्या विश्वव्यापी कीर्तीमुळे पित्याची ओळख जयंतरावांचे वडील एवढ्यापुरतीच अनेकांच्या मनात उरली.

१९६० मध्ये विष्णुपंतांनी बनारसचा निरोप घेतला. त्यानंतर ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. पुढे पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून १९७३ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या वयाला साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने १९६९ मध्ये अहमदाबाद येथे सापेक्षतेचे अभ्यासक एकत्र आले. या मेळाव्यातून व्यापक सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण या विषयांना वाहिलेली अखिल भारतीय संघटना जन्माला आली. तिचे पहिले अध्यक्षपद नारळीकरांकडेच गेले. बनारसमधील एका विभागात सुरू झालेल्या कामाला आता देशव्यापी बैठक मिळाली होती.

१९९१ मध्ये नारळीकरांचे निधन झाले. स्वतःच्या संशोधनाचा ऐन बहराचा काळ त्यांनी ज्या विद्यापीठाला दिला, तेथे त्यांच्या नावाची ओळख सांगणारे एखादे प्रसिद्ध समीकरण नाही. समीकरणे आहेत ती त्यांच्या शिष्यांच्या नावांची. १९४२ साली पत्नी आणि तान्ह्या मुलीसह, मोजक्या पैशांनिशी बनारसला आलेला तो तरुण पुढे गुजरात विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९६९ मध्ये स्थापन झालेली संघटना आजही नव्या संशोधकांना एकत्र आणते. त्या तरुणाच्या आणि कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांच्या नावाने तिने व्याख्यानमाला सुरू केली आणि संशोधनाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकणारे विद्यार्थी ती व्याख्याने ऐकत आले आहेत.