साखळ्या कोणी काढल्या?

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराने ते १८७६ मध्ये काढले. रुग्णालयाच्या अंगणात मनोरुग्ण स्त्रिया आहेत. कोणी जमिनीवर लोळते आहे, कोणी भिंतीशी जखडलेली आहे. मधोमध एक तरुणी सुन्न उभी असून तिच्या कमरेची साखळी काढली जात आहे. शेजारी रुबाबदार कपड्यांतले एक डॉक्टर उभे आहेत आणि एक स्त्री कृतज्ञतेने त्यांच्या हाताचे चुंबन घेत आहे. हे डॉक्टर म्हणजे फिलीप पिनेल, आधुनिक मनोविकारशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. पण चित्र नीट पाहिले तर साखळी काढणारे हात त्यांचे नाहीत. ते एका परिचारकाचे आहेत. चित्रकाराच्या मनात काय होते कोण जाणे. पण पिनेल यांच्या आयुष्याची खरी गोष्ट या तपशिलाशी अगदी जुळते.

पिनेल यांचा जन्म २० एप्रिल १७४५ चा, दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यातला. घराण्यात वैद्यकीचा व्यवसाय होता. तरी आधी त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, मग वैद्यकाकडे वळले आणि १७७३ मध्ये तूलूझ येथून पदवी घेतली. पुढे काही वर्षे माँपेलिए येथे शिकून १७७८ मध्ये ते पॅरिसला आले. तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. राजधानीतले वैद्यकीय मंडळ बाहेरगावच्या पदवीला किंमत देत नसे, त्यामुळे पॅरिसमध्ये वैद्यकी करण्याची वाट बंद झाली. सुमारे पंधरा वर्षे पिनेल यांनी गणिताच्या शिकवण्या, भाषांतरे आणि एका आरोग्यविषयक नियतकालिकाचे संपादन यांवर गुजराण केली. स्वभाव लाजाळू, वक्तृत्व बेताचे आणि मोठ्यांच्या ओळखी नाहीत.

याच काळात त्यांच्या एका तरुण मित्राला मानसिक आजार जडला आणि त्यातच त्याचा करुण अंत झाला. ही घटना पिनेल यांच्या मनातून गेली नाही. या आजाराकडे ते जास्त लक्ष देऊ लागले आणि पुढे जवळपास पाच वर्षे श्रीमंत मनोरुग्णांसाठीच्या एका खासगी निवासात काम करत राहिले.

फ्रेंच राज्यक्रांतीने त्यांचे दिवस पालटले. जुने वैद्यकीय मंडळ मोडले, क्रांतीच्या वर्तुळातले मित्र अधिकारावर आले आणि १७९३ च्या ऑगस्टमध्ये पिनेल यांची बिसेत्र येथे डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. वय अठ्ठेचाळीस. बिसेत्र हे आजच्या अर्थाने रुग्णालय नव्हते. पॅरिसबाहेरच्या त्या अवाढव्य आवारात म्हातारे, निराधार, अपंग, गुन्हेगार आणि आजारी असे हजारो पुरुष कोंबलेले होते. त्यांतले सुमारे २०० जण मनोरुग्ण. जे बेभान होत, त्यांना साखळदंडाने बांधून ठेवण्याचा रिवाज होता.

पण मनोरुग्णांच्या विभागात पाऊल टाकल्यावर पिनेल यांना अपेक्षेपेक्षा वेगळे दृश्य दिसले. तिथे मारहाण होत नव्हती. रोजच्या दिवसाला शिस्त होती. रुग्णांशी कोणीतरी बोलत होते. हे ज्याच्यामुळे घडत होते, त्याचे नाव झाँ-बातिस्त प्युसाँ.

प्युसाँही १७४५ चेच. कातडी कमावण्याचा त्यांचा धंदा. तरुणपणी गंडमाळेचा आजार झाला म्हणून ते बिसेत्रमध्ये रुग्ण होऊन आले, बरे झाले आणि तिथेच कामाला लागले. १७८० च्या दशकात मनोरुग्णांचा विभाग त्यांच्या ताब्यात आला. वैद्यकाचे शिक्षण नाही, पदवी नाही. मात्र रुग्णांसोबत दिवसरात्र राहण्याचा अनुभव होता आणि आजारी माणूस म्हणून त्याच आवारात काढलेले दिवस आठवणीत होते. त्यांचा पहिला नियम असा, की रुग्णाने हात उगारला तरी नोकराने त्याला मारायचे नाही. नियम मोडणाऱ्याला कामावरून जावे लागे. नवे नोकर निवडताना ते शक्यतो बरे झालेल्या रुग्णांनाच घेत. ज्याने हे भोगले आहे तो दुसऱ्याला सहजासहजी छळणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

त्यांच्या पत्नी मार्गरित ज्युब्लिन याही त्याच विभागात काम करत. एका तरुण रुग्णाने अन्नपाणी टाकले होते. जबरदस्ती करण्याऐवजी या बाईंनी त्याच्यापुढे उड्या मारल्या, नाच केला, गमतीजमती केल्या. त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटले आणि तेवढ्यात त्यांनी त्याला खायला घातले. असे प्रसंग पिनेल यांनी आपल्या ग्रंथात आवर्जून नोंदवले.

पिनेल यांचे मोठेपण इथे दिसते. हातात पदवी आणि सरकारी नेमणूक असलेला डॉक्टर वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या एका परिचारकाच्या मागोमाग वॉर्डात फिरू लागला. कोण कधी बिघडतो, झोप किती, भूक कशी, कोणत्या बोलण्याने कोण शांत होतो, याच्या नोंदी त्यांनी ठेवायला सुरुवात केली. वेड हा एकच अखंड अंधार नसतो, मध्येमध्ये शुद्धीचे काळ येतात आणि त्या काळात रुग्णाशी संवाद साधता येतो, हे या नोंदींतून त्यांच्या लक्षात आले. डिसेंबर १७९४ मध्ये त्यांनी हे विचार पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडले.

या निरीक्षणांवरच त्यांची उपचारपद्धत उभी राहिली. सरसकट रक्त काढणे आणि जुलाब देणे यांना त्यांचा विरोध होता. धीर देणे, विश्वास मिळवणे, कामात गुंतवणे आणि पोटभर अन्न देणे यांवर भर होता. अन्नटंचाईच्या काळात भाकरीचा वाटा घटला तेव्हा रुग्णांचे मृत्यू वाढले, हीही त्यांची नोंद. मनाचा आजार म्हणून पोटाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

एका शिंप्याची कहाणी त्यांनी लिहून ठेवली आहे. राजाच्या वधाबद्दल तो काहीबाही बोलून बसला होता आणि आता आपल्यालाही गिलोटिनवर चढवणार या भीतीने त्याला ग्रासले. बिसेत्रमध्ये त्याला इतर रुग्णांचे कपडे शिवायला दिले, तेव्हा तो बराच सावरला. पुढे भीती परत आली. मग पिनेल यांनी काही तरुण डॉक्टरांना न्यायाधीश बनवून खोटा खटला भरवला आणि त्याला निर्दोष ठरवले. काही दिवस बरे गेले, पण हे नाटक होते असे कळताच तो पुन्हा ढासळला. पिनेल यांनी हे अपयश झाकले नाही. सुईदोऱ्याने जे साधले, ते फसवणुकीने टिकले नाही.

१७९५ मध्ये पिनेल यांची बदली स्त्रियांच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाली आणि ते वैद्यकीय शाळेत प्राध्यापकही झाले. बिसेत्र सुटले, प्युसाँ तिथेच राहिले. बिसेत्रमधल्या रुग्णांच्या साखळ्या प्युसाँ यांनी काढल्या त्या १७९७ मध्ये, म्हणजे पिनेल तिथे नसताना. साखळीऐवजी गरज पडेल तेव्हा लांब बाह्यांचा जाड कापडी अंगरखा वापरायला त्यांनी सुरुवात केली. तोही बंधनच, पण त्यात माणूस भिंतीला जखडलेला राहत नाही, हिंडू-फिरू शकतो. पिनेल यांनी खटपट करून १८०२ मध्ये प्युसाँ दांपत्याला साल्पेत्रिएरला आणवले आणि तिथेही ही पद्धत रुजवली.

१८०१ मध्ये पिनेल यांचा मानसिक आजारांवरचा ग्रंथ आला आणि युरोपभर वाचला गेला. त्यात त्यांनी प्युसाँ यांचे ऋण स्पष्टपणे मान्य केले. पुढच्या काळात साल्पेत्रिएरमध्ये दाखल झालेल्या हजारभर स्त्रियांच्या नोंदी ठेवून, त्यांतल्या निम्म्याच्या जवळपास बऱ्या झाल्याचे त्यांनी आकडेवारीने मांडले. मनोविकाराच्या क्षेत्रात अशी मोजदाद तेव्हा नवी होती. मान्यताही मिळाली: विज्ञान अकादमीचे सदस्यत्व आणि नेपोलियनच्या सल्लागार वैद्यांत स्थान. पॅरिसमध्ये देवीच्या लसीचे पहिले प्रयोग १८०० मध्ये झाले, त्यातही ते होते.

प्युसाँ १८११ मध्ये गेले. राजेशाही परतल्यावर १८२२ मध्ये सरकारने वैद्यकीय विद्यापीठ बरखास्त केले आणि पिनेल यांचे प्राध्यापकपद गेले. २५ ऑक्टोबर १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचा मुलगा सिपियों याने साखळ्या तोडण्याचे सारे श्रेय वडिलांना देणारी हकिगत लिहिली. तीच शिष्यांनी उचलली, चित्रकारांनी रंगवली, आणि वडिलांनी ज्याचे नाव घेतले होते तो माणूस पडद्याआड गेला. प्युसाँ यांनी स्वतः लिहिलेली मनोरुग्णांवरची टिपणे इतिहासकार डोरा वायनर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा गोष्ट पुन्हा नीट जुळली.

पिनेल यांच्या पद्धतीत आज न पटणाऱ्या गोष्टीही होत्या. दरारा बसवणे, एकांतात ठेवणे, थंड पाण्याचा मारा करणे हे त्यांना क्वचित योग्य वाटे. तरीही मनोरुग्ण-शुश्रूषा शिकताना आज जे पहिले धडे मिळतात, त्यांतले बरेचसे बिसेत्रच्या त्या वॉर्डात सापडतात. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करावे. त्याच्याशी विश्वासाचे नाते जोडावे. संतापाला संतापाने उत्तर देऊ नये. बंधन घालायचेच तर कमीत कमी आणि कमीत कमी वेळ. त्याच्या जेवणाची, झोपेची, दिनक्रमाची काळजी घ्यावी. डॉक्टर वॉर्डात काही वेळ येतात. उरलेला दिवस आणि सगळी रात्र रुग्णाजवळ असते ती परिचारिका, परिचारक किंवा मदतनीस.

रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मनाई केली आहे. बिसेत्रमधल्या साखळ्या सुटल्या त्याला तेव्हा २२० वर्षे झाली होती. मात्र तिथे साखळ्या सुटल्या त्या कायद्याच्या हुकमाने नव्हे. त्याआधी दहा-बारा वर्षे एका विभागात कोणीच कोणाला मारत नव्हते आणि साखळीवाचूनही चालते असा विश्वास तिथल्या माणसांना हळूहळू आला होता. पिनेल यांनी तो विश्वास ओळखला, तपासला आणि जगापुढे मांडला.